परळच्या वाड्यातली लस

पांढरकवड्याच्या शिवारात रात्रीच्या ओलिताला गेलेल्या माणसाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की गाडी दवाखान्याकडे पळते. तिथं सलाइनमधून जे सर्पविषरोधक देतात, ते राज्यात बनवणाऱ्यांत हाफकिनचं नाव जुनं. आणि हाफकिन संस्थेचा पत्ता म्हणजे मुंबईत परळला इंग्रज गव्हर्नरांनी शहराबाहेरच्या मोकळ्या हवेसाठी ठेवलेला वाडा.

तो मुळात इंग्रजांचाही नव्हे. पोर्तुगीज पाद्र्यांचा मठ त्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बळकावला आणि प्रार्थनेच्या जागी मेजवान्या झडू लागल्या. पुढे परळला गिरण्या आल्या, धूर आला. गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी इथंच कॉलऱ्यानं गेली; मग साहेबांनी मलबार हिल गाठलं.

1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला. ओडेसात जन्मलेले वॉल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात लशीच्या मागे लागले. त्यांची युक्ती पाहण्यासारखी आहे. मांसाच्या अर्कावर चक्क तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्यांना धरून प्लेगचे जंतू गुहेतल्या चुन्याच्या लोलकांसारखे खाली लोंबत वाढायचे. बाटली हलवली की ते तळाशी बसत आणि वर नवी वाढ धरे. शेवटी तापवून सगळे मारायचे, झाली लस. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. 10 ऑगस्ट 1899 रोजी त्यांची प्रयोगशाळा परळच्या वाड्यात उघडली.

1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला लस घेतलेली 19 माणसं धनुर्वातानं दगावली. ठपका हाफकिनांवर आला आणि तो पुसायला 1907 उजाडलं. संस्थेला त्यांचं नाव मिळालं 1925 मध्ये. उशिरा, पण मिळालं. 1932 पासून साहिबसिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक.

1975 मध्ये औषधनिर्मितीचं महामंडळ वेगळं झालं. संस्थेकडे प्रशिक्षण, संशोधन आणि चाचणी राहिली. विषरोधकासाठी नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष घोड्यांना अगदी थोडं थोडं टोचतात आणि त्यांच्या रक्तातून औषध काढतात.  माझ्या मते गव्हर्नरांचा हा वाडा खऱ्या कामाला लागला.

मात्र कुपीचा उपयोग वेळेत पोचणाऱ्यालाच. तेव्हा पान लागलं तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका, मांत्रिकाच्या दारात रात्र घालवू नका. हातपाय हलू न देता थेट दवाखाना गाठा.