गडद काचेआडचे पाणी

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळच्या सीताखाईत पावसाळ्यात कोसळणारे पाणी भर दुपारी टिपायचे झाल्यास कॅमेऱ्याचे झडपद्वार, म्हणजेच शटर, साधारण सेकंदाच्या साठाव्या भागात मिटवावे लागते, कारण तेवढ्यातच पुरेसा प्रकाश आत येतो. परिणामी छायाचित्रात प्रवाहाची सलग ओढ न दिसता पाणी तुटक दिसते. यावरचा उपाय म्हणजे एनडी फिल्टर, अर्थात सर्व रंगांचा प्रकाश जवळपास सारख्याच प्रमाणात अडवणारी, भिंगापुढे बसवायची करडी काच. तिची क्षमता ‘स्टॉप’मध्ये मोजतात आणि दर स्टॉपला प्रकाश निम्मा होत असल्याने १० स्टॉपची काच तो १,०२४ पटींनी घटवते, म्हणून तेच चित्रण सुमारे १७ सेकंद चालते, या अवधीत तिपाई हलली नाही, तर पाणी दुधाळ पट्ट्यासारखे उमटते आणि काळा कातळ मात्र भेगाभेगांसह रेखीव राहतो. काच इतकी गडद असते की तिच्यातून फोकस साधणे कठीण जाते, म्हणून चौकट व फोकस आधी पक्के करून, स्वयंचलित फोकस बंद करूनच ती चढवावी. धबधब्याला मात्र एखादा सेकंदही पुरतो, आणि पाण्याचा पोत टिकवणारी ६ स्टॉपची काचच तिथे अधिक योग्य ठरते. १० स्टॉपची काच प्रकाशा येथील तापीच्या संथ पात्रासाठी राखून ठेवावी.