नातवाचा गेमिंग संगणक : एक प्रकल्प अहवाल

बँकेत असताना यंत्रासाठी कर्ज मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी प्रथम विचारीत असे, "यावर काम कोणते करणार?" गेल्या दिवाळीत हाच प्रश्न नातवाला विचारण्याची वेळ आली. पाचगणीच्या बाजारपेठेत आमचे दुकान आहे. हंगाम मंदीचा गेला होता आणि अभियांत्रिकीला असलेल्या नातवाने साडेपाच लाखांच्या संगणकाची यादी वडिलांपुढे ठेवली. मुलाला नाही म्हणवेना, आणि हो म्हणावे अशी गल्ल्याची स्थिती नव्हती. मी म्हणालो, "बाळा, आधी मला प्रकल्प अहवाल दे."

त्याला 'सायबरपंक २०७७' आणि 'रेड डेड रिडेम्प्शन २' हे खेळ खेळायचे होते. या खेळांतील जग मोकळे असते. खेळाडू मनास येईल तिकडे जातो, आणि पुढचे रस्ते, माणसे, पाऊस, उजेड संगणकाला त्याच क्षणी उभे करावे लागतात. ग्राफिक्स कार्ड चित्र रेखाटते, प्रोसेसर गर्दी हलवतो आणि एसएसडी पुढचा भाग झटपट पुरवते. दुसऱ्या खेळाला १५० जीबी जागा लागते. पहिल्यासाठी निर्मात्यांनी आता एसएसडीच आवश्यक ठरवली आहे.

खरेदीचा प्रारंभ पडद्यापासून करावा, हे मला या अहवालातून उमगले. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख बिंदू असतात, तर १४४०पी पडद्यावर सुमारे ३७ लाख. प्रत्येक चित्रामागे कार्डाला निम्म्याहून कमी बिंदू रंगवावे लागतात. नातवाच्या टेबलाला २७ इंची १४४०पी पडदा पुरेसा होता. अशा वेळी यादीतले आरटीएक्स ५०९० घेणे म्हणजे रिकाम्या गोदामाचे भाडे भरणे. ते कार्ड एकटेच ५७५ वॅटपर्यंत वीज घेते. त्याऐवजी १६ जीबी स्मृतीचे, ३०० वॅटचे आरटीएक्स ५०७० टीआय निश्चित झाले. सोबत आठ कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम आणि २ टीबी एसएसडी.

एका विक्रेत्याने कार्ड उत्तम देऊन वीजपुरवठ्याचा डबा मात्र अनोळखी कंपनीचा सुचवला होता. काटकसर तिथे करू नये. त्या एका भागावर बाकी सर्व भागांचे आयुष्य अवलंबून असते. आम्ही ८५० वॅटचा, नामांकित कंपनीचा आणि दीर्घ वॉरंटीचा घेतला.

पाचगणीची हवा हा अहवालातील स्वतंत्र परिच्छेद ठरला. थंडीमुळे यंत्र कमी तापते, हा लाभ. परंतु पावसाळ्यात धुके घरात शिरते, भिंती ओलावतात, वीज वरचेवर जाते. म्हणून संगणक भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच ठेवला, अर्थिंग तपासून घेतले आणि १५०० व्हीएचा यूपीएस बसवला. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांआड तासभर तो चालू ठेवायचा, म्हणजे आतील ओल सुकते, हेही ठरले.

दुकानाच्या नावे बिल घेऊन १८ टक्के जीएसटीचे क्रेडिट घ्यावे, असा सल्ला एका परिचिताने दिला. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर ते मिळत नाही, आणि घेतल्यास व्याजासह परत करावे लागते. बिल नातवाच्याच नावे झाले. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक त्यावर लिहून घेतला, कारण वॉरंटी त्यावरच चालते.

एकूण खर्च अडीच लाखांच्या आत बसला. निम्मी रक्कम नातवाने प्रशिक्षणकाळातील विद्यावेतनातून साठवलेल्या ठेवीतून दिली, उरलेली माझ्या निवृत्तिवेतनातून. दुकानाच्या खेळत्या भांडवलाला हात लागला नाही. हे कळले तेव्हा मुलगा काहीच बोलला नाही. पण त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तो जेवणाच्या पंगतीत मोकळेपणाने हसला.

आपल्या घरातही अशी यादी येईल. ती फाडून टाकू नका आणि डोळे मिटून मंजूरही करू नका. मुलाकडून अहवाल लिहून घ्या. माझ्या नातवाने तीन वेळा लिहिला, आणि तिसऱ्या वेळी साडेपाच लाखांचा आकडा त्यानेच खोडला.