फॉरवर्ड केलेल्या ईमेलमधील चित्रे कुठे जातात?

परदेशातील मुलाने एक-चौदाच्या उताऱ्याची छायाचित्रे ईमेलने पाठवावीत, वडिलांनी तो मेल वकिलाकडे फॉरवर्ड करावा आणि तेथे नुसत्या रिकाम्या चौकटी उघडाव्यात, हा प्रकार दुर्मीळ नाही. दोष बहुधा इंटरनेटच्या वेगाला दिला जातो. कारण मात्र निराळे असते.

मेलमध्ये दिसणारे प्रत्येक चित्र मेलमध्ये असतेच असे नाही. काही चित्रे मेलसोबतच प्रवास करतात आणि मजकुरात त्यांच्या जागेची केवळ खूण असते. फॉरवर्ड करताना ॲपने खूण ठेवून चित्र गाळले, की उरते ती चौकट. काही चित्रे दूरच्या सर्व्हरवर असतात. तेथून ती हटवली गेली, की पत्ता तेवढा उरतो. मेल 'प्लेन टेक्स्ट' स्वरूपात धाडल्यास मजकुरातील चित्रे गळतातच.

'रिप्लाय' दाबून नवा पत्ता घालण्याची सवयही नडते, कारण रिप्लायसोबत जोडलेल्या फाइल सहसा जात नाहीत. चित्रफितींचे दुखणे आणखी वेगळे. जीमेलची मर्यादा २५ एमबी. त्याहून मोठी फाइल ड्राइव्हच्या दुव्याने जाते आणि तो दुवा उघडण्याची परवानगी तिसऱ्या व्यक्तीकडे अनेकदा नसते. अशा वेळी ती मूळ प्रेषकाकडे मागावी लागते.

महत्त्वाच्या कागदांसाठी खात्रीचा मार्ग एकच: फाइल उतरवून घेऊन नव्या मेलला स्वतः जोडणे. संगणकावरील जीमेलमध्ये 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' हा पर्यायही आहे. त्यात मूळ मेल जसाच्या तसा फाइल म्हणून जातो. समोरच्याने चित्रे उघडल्याचे कळवेपर्यंत मूळ मेल पुसू नये.