ऐकणारे कोणी नसताना

आमच्याकडे या वर्षी दिवाळी नाही. माझ्याकडेच राहणारी ताई श्रावणात गेली. तेव्हापासून तिचा तानपुरा गवसणीतच आहे. ‘वर्षाच्या आत घरात गाणेबजावणे कसले?’ असे मीच बजावले होते. आणि परवा रात्री तिचाच मुलगा मला म्हणतो, “मामा, तासभर बसा. मेलेल्या गावातली मैफल दाखवतो.”

गाव म्हणजे इटलीतले पाँपेई. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी भडकला आणि हे नांदते गाव राखेखाली गडप झाले. देह कुजून गेले, राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या तेवढ्या उरल्या. १८६३ मध्ये फियोरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने त्यांत प्लास्टर ओतले आणि शेवटच्या क्षणीची माणसे पुन्हा दिसू लागली. कोणी हातांनी तोंड झाकलेले!

१९७१ च्या उन्हाळ्यात एड्रियन मेबन नावाचा दिग्दर्शक तिथे फिरायला गेला आणि पासपोर्ट हरवून बसला. तो शोधायला संध्याकाळी पुन्हा गेला, तर जिथे एके काळी माणसे झुंजवली जात, त्या दगडी प्रेक्षागारात चिटपाखरूही नव्हते. पासपोर्ट राहिला बाजूला. कल्पना मात्र सापडली. ऑक्टोबरात ‘पिंक फ्लॉइड’ या इंग्रज वाद्यवृंदातले चौघे तिथे आले. वीज मिळेना, तेव्हा गावातून लांबलचक केबल ओढून आणली. त्यात काही दिवस फुकट गेले. मग एकाही श्रोत्यावाचून त्यांनी तीन रचना वाजवल्या.

पहिल्यांदा मला तो निव्वळ गोंगाट वाटला. ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ मध्ये एकजण पियानो बडवतो आहे, दुसरा उन्हात भलीमोठी घंटा ठोकतो आहे, तिसरा जमिनीवर बसून गिटारमधून नुसते चीत्कार काढतो आहे. आराखडा ठरलेला, पण भरणा त्या क्षणी सुचेल तसा; आपल्याकडे आपण त्याला उपज म्हणतो. पुढे हळूहळू कल्लोळ निवतो, ऑर्गनचे संथ सूर येतात आणि त्यांवर शब्दांवाचूनचा एक आलाप चढत जातो. समोर रिकाम्या पायऱ्या!

“हे कोणाला ऐकवताहेत रे?” मी विचारले.

“आई पहाटे रियाज करायची, तो कोणाला ऐकवायची?”

मी गप्प बसलो. थोड्या वेळाने तो उठला आणि त्याने तानपुऱ्याची गवसणी काढली. जोडीच्या तारा पार उतरल्या होत्या.

मी त्याला अडवले नाही.