दूध तापतं, वाय-फाय अडखळतं

मायक्रोवेव्हमध्ये दूध तापायला ठेवलं, की नेमका तेव्हाच व्हिडिओ कॉल अडखळतो. हा भास नाही. मायक्रोवेव्हच्या लहरी साधारण २.४५ गिगाहर्ट्झच्या, आणि राउटरचा जुना, नेहमीचा पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. दोघांचा सूर जवळपास एकच. राउटर जेमतेम दशांश वॅटने बोलतो. मायक्रोवेव्ह आत आठशे-हजार वॅट ओततो. दाराच्या फटीतून त्यातला किंचितसा अंश निसटतो. आपल्याला तो निरुपद्रवी, पण राउटरसाठी ढोल-ताशाच्या पथकाशेजारी उभं राहून कुजबुजण्यासारखं! पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याची पोच आली नाही, की राउटर तोच तुकडा पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो, आणि इकडे मावशींचा चेहरा पडद्यावर थिजतो.

फोन ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर टाकला, की हा गोंगाट टळतो. मात्र त्या लहरी भिंतींपुढे लवकर थकतात. विटांच्या दोन जाड भिंतींपलीकडच्या खोलीत जुना पट्टाच बरा.

इंटरनेट कंपनीला फोन लावण्याआधी लॅपटॉप थेट केबलने राउटरला जोडून बघा. तरीही तुटतंय? मग दोष बहुधा बाहेरच्या लाइनचा किंवा खुद्द राउटरचा. बिचाऱ्या दुधाचा नव्हे.