धडपडणारे मूल आळशी नसते



सात-आठ वर्षांचे मूल सदऱ्याची बटणे लावताना अडखळते, ताटातले सांडते, मैदानावर वारंवार पडते. तोंडी उत्तरे अचूक देते. लेखनात मात्र मागे राहते. अशा मुलास घरी ‘वेंधळा’ आणि वर्गात ‘आळशी’ ही बिरुदे सहज चिकटतात. वस्तुतः त्याची बुद्धी वा इच्छा उणी नसते. हालचालींची आखणी करून त्या परस्परांशी जुळविणे त्याच्या मेंदूला अवघड जाते. शालेय वयातील शंभर मुलांपैकी सुमारे पाच-सहा जणांना ही अडचण असते. रागावून वा मारून ती दूर होत नाही. उलट मूल खेळापासून व सवंगड्यांपासून दूर जाते.

अशा मुलांना व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपी, साहाय्यभूत ठरते. येथे ‘व्यवसाय’ म्हणजे उपजीविका नव्हे, तर दिवस व्यापणारी कामे. खेळणे, जेवणे, कपडे घालणे, लिहिणे हाच मुलाचा व्यवसाय. भारतात या शास्त्राचे पहिले विद्यालय कमला निंबकर यांच्या प्रयत्नांतून १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले.

उपचारक प्रथम मुलाचे निरीक्षण करतो. नेमके कोठे अडते हे पाहून तो त्या कामाचे लहान टप्पे पाडतो आणि तेच काम पुनःपुन्हा करवून घेतो. आधी मोठी बटणे, मग लहान. आधी पाटीवर ठळक रेघा, मग वहीतील अक्षरे. गरजेनुसार पेन्सिल जाड दिली जाते, बाकाची उंची बदलली जाते, लेखनास अधिक वेळ दिला जातो.

परंडा वा उमरग्याच्या खेड्यातून शहरातील तज्ज्ञाकडे जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. म्हणून तज्ज्ञाने शिकविलेला सराव घरीच नित्य चालणे महत्त्वाचे. त्यास महागडी साधने लागत नाहीत. भाकरीचे पीठ मळणे, चिंचोके वेचणे, सागरगोटे, लंगडी हे आपल्या अंगणातलेच व्यायाम आहेत. रोज पंधरा-वीस मिनिटे, मुलाच्या कलाने आणि कौतुकाने ते करवून घ्यावेत.

तत्पूर्वी डॉक्टरांकडून तपासणी आवश्यक आहे. कारण अशक्त दृष्टी किंवा मज्जासंस्थेचा आजारही याच रूपाने दिसू शकतो. पूर्वी येत असलेली हालचाल मूल विसरू लागले, तर विलंब करू नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शासकीय शाळांत एकदा आरोग्य तपासणीची तरतूद आहे. त्या दिवशी पथकासमोर आपली शंका पालकांनी व शिक्षकांनी स्पष्ट मांडावी. पुढील तपासणीचा मार्ग तेथून खुला होतो.

ही अडचण बहुधा वयाबरोबर आपोआप नाहीशी होत नाही. परंतु आज बटण लावता आलेले मूल उद्या स्वतः तयार होऊन शाळेत जाते, आणि मित्रांनी हाक मारताच मैदानात उतरते. तो आत्मविश्वास त्याला मिळवून देणे आपल्या हाती आहे.