टळलेल्या नुकसानीचा हिशेब

कुंभकोणमजवळचे मरुदानल्लूर हे गाव कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसले आहे. एके काळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात मोडणाऱ्या या मुलखात भातशेतीचे पंचांग दोन गोष्टींवर चालते: प्रघाताप्रमाणे १२ जूनला सोडावयाचे मेट्टूर धरणाचे पाणी, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतील ईशान्य मोसमी पाऊस. हवामान बदलून हा पाऊस थोड्या दिवसांत जोराने कोसळला, की गाळाने भरलेल्या पाटांतून पाण्याचा निचरा होत नाही व उभे पीक बुडते. कोणता पाट आधी उपसावा, हे तेथील शेतकऱ्याला चांगले ठाऊक असते.

मग अडते कोठे? समजा, पाट उपसण्यास चार लक्ष रुपये लागतात, आणि पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरात पाच लक्षांचे पीक बुडते. पाट साफ राहिला, तर सरासरीने दरसाल एक लक्षाचे नुकसान टळेल व चार वर्षांत खर्च भरून निघेल. परंतु टळलेले नुकसान खतावणीत जमेच्या बाजूस दिसत नाही. म्हणून बँक त्यावर कर्ज देण्यास कचरते.

हा अदृश्य लाभ मोजून दाखविणे, हे व्यवस्थापन-विद्यालयांना साधण्याजोगे काम होय. आणंद येथे १९७९ साली निघालेल्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेने विद्यार्थ्यांच्या शिक्षणात खेड्यातील वास्तव्याचा समावेश केला, तो अशा कामाची पूर्वतयारीच म्हणता येईल. आंतरराष्ट्रीय अनुकूलन निधीने २०१२ मध्ये नाबार्डला मान्यता दिली. पण अशा निधीस आराखडा, अंदाजपत्रक व तपासलेले हिशेब लागतात, आणि लहान गावास ते एकट्याने जमत नाही.

येथे एक धोका मात्र ओळखला पाहिजे. या प्रदेशात ‘कुडिमरामत’ नावाची जुनी प्रथा होती; कुडि म्हणजे रयत, आणि मरामत हा शब्द आपल्या ओळखीचाच आहे. गावकरी स्वतःच्या श्रमाने तळी व पाट दुरुस्त करीत. १८५८ च्या कायद्याने मद्रास इलाख्यात अशा श्रमांची सक्ती करता येऊ लागली. गावाकडे कष्ट उरले, निर्णय मात्र सरकारकडे गेला. पुढे प्रथाही क्षीण झाली. तमिळनाडू शासनाने २०१७ मध्ये त्याच नावाची योजना सुरू केली.

स्थानिक नेतृत्वाखालील अनुकूलनाची आठ तत्त्वे २०२१ मध्ये जगापुढे मांडली गेली. त्यांतील पहिले तत्त्व हेच, की निर्णयाचा अधिकार शक्य तितक्या खालच्या पातळीवर असावा. विद्यालयाने हिशेब लिहावा. पाट कोणता, हे गावाने ठरवावे.